आकड्यांपलीकडच्या संशोधनाची पारख

क्षयरोगावरील उपचार अर्ध्यावर सोडून देणाऱ्या रुग्णांची संख्या मोजता येते. तिचे जिल्हावार तक्ते करता येतात, मागील वर्षाशी तुलना करता येते. मात्र औषधे मोफत मिळत असताना, आणि ती सोडल्यास जिवावर बेतू शकते याची कल्पना असताना, माणूस गोळ्या का थांबवतो, या प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्यात सापडत नाही. त्यासाठी रुग्णाजवळ बसून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. निरनिराळ्या देशांत असे ऐकून लिहिल्या गेलेल्या ४४ अभ्यासलेखांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उपचार सोडण्यामागे केवळ रुग्णाची बेफिकिरी असते, हा रूढ समज किती अपुरा आहे ते त्यातून दिसले. दवाखान्याच्या वेळा सांभाळताना बुडणारा रोजगार, आजार चारचौघांत कळेल ही धास्ती, घरच्यांचा आधार असणे वा नसणे, औषधांचा होणारा त्रास आणि थोडे बरे वाटताच 'आता कशाला गोळ्या' असे वाटणे, अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात.

या पद्धतीच्या अभ्यासाला 'गुणात्मक संशोधन' म्हणतात. सविस्तर मुलाखती, गटचर्चा, प्रत्यक्ष ठिकाणी राहून केलेले निरीक्षण आणि डायऱ्या वा पत्रांसारखे लिखित साहित्य ही त्याची साधने होत. 'किती' आणि 'किती टक्के' हे संख्यात्मक संशोधनाचे प्रश्न. 'का', 'कसे' आणि 'त्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ काय' हे गुणात्मक संशोधनाचे. समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्रात ही पद्धत जुनी आहे. वैद्यकाच्या दालनात मात्र तिला प्रवेश मिळाला तो उशिरा, आणि तोही काहीशा संशयानेच.

या संशयात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. औषधाच्या चाचणीत किती रुग्ण होते, त्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने झाली होती काय, निष्कर्ष योगायोगाने आला असण्याची शक्यता किती, हे तपासण्याचे ठरलेले गणित आहे. वीस माणसांच्या मुलाखतींवर आधारलेल्या लेखाला हे गणित लागू पडत नाही. मग संशोधन कोणते आणि चतुराईने रचलेली ऐकीव माहिती कोणती, हे ओळखावे कसे? प्रश्न केवळ विद्यापीठांपुरता नाही. अशा अभ्यासांच्या आधारे शासकीय आरोग्य कार्यक्रम आखले जातात, प्रसूतिगृहांतील नियम बदलतात, मनोरुग्णांकडे पाहण्याची समाजाची दृष्टी घडते. चुकीच्या अभ्यासावर विसंबल्यास किंमत मोजावी लागते ती रुग्णाला.

एका गाजलेल्या अभ्यासाची कहाणी

हे किती खरे आहे ते समजण्यासाठी अमेरिकेतील एक उदाहरण पुरेसे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनहान यांचा एक लेख जानेवारी १९७३ मध्ये 'सायन्स' या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठ निरोगी व्यक्तींनी रुग्ण असल्याची बतावणी करून एकूण १२ मनोरुग्णालयांत प्रवेश मिळविला, असे त्यात म्हटले होते. आपल्याला आवाज ऐकू येतात, एवढेच त्यांनी प्रवेशाच्या वेळी सांगावयाचे आणि आत गेल्यावर नेहमीसारखे वागावयाचे, अशी योजना होती. एक अपवाद सोडता सर्व वेळी स्किझोफ्रेनिया हेच निदान झाले. त्यांना सात ते ५२ दिवस, सरासरीने १९ दिवस, रुग्णालयात राहावे लागले. कर्मचाऱ्यांपैकी कोणालाही बतावणी ओळखता आली नाही. काही सहरुग्णांना मात्र शंका आली. बतावणी करणारे टिपणे काढीत, तर तेही आजाराचेच लक्षण मानले गेले. रुग्णाला एकदा शिक्का बसला की त्याची प्रत्येक कृती त्या शिक्क्यातूनच वाचली जाते, हा लेखाचा निष्कर्ष होता.

लेखाचा परिणाम प्रचंड झाला. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तो पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला. मनोविकारशास्त्राच्या विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. रॉबर्ट स्पिट्झर यांनी १९७५ मध्ये त्यावर सडकून टीका केली. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेची तिसरी, अधिक काटेकोर आवृत्ती तयार झाली. तिच्यामागील वातावरण तयार होण्यात रोझेनहान यांच्या लेखाचाही वाटा मानला जातो.

रोझेनहान २०१२ मध्ये निवर्तले. त्यानंतर सुझाना कॅहालन या अमेरिकन पत्रकार महिलेने त्यांची कागदपत्रे तपासण्यास घेतली. कॅहालन यांच्या स्वतःच्या मेंदूच्या विकाराला आधी मनोविकार समजले गेले होते. त्यामुळे या अभ्यासाबद्दल त्यांना प्रथम आस्थाच होती. परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने वेगळेच चित्र समोर ठेवले. रोझेनहान स्वतः त्या आठांपैकी एक होते. त्यांच्या दाखल होण्याच्या वेळच्या नोंदींत केवळ आवाज ऐकू येण्याची तक्रार नव्हती. आत्महत्येच्या विचारांसारख्या अधिक गंभीर गोष्टीही त्यांनी डॉक्टरांना सांगितल्याचे नमूद होते. नवव्या एका सहभागी व्यक्तीची माहिती लेखातून वगळण्यात आली होती. तिने स्वतःविषयी खोटी माहिती दिली, असे कारण तळटीपेत दिले होते. पण त्या व्यक्तीचा रुग्णालयातील अनुभव चांगला होता, असे कॅहालन यांना आढळले. बाकीच्या सहभागींपैकी बहुतेकांचा माग त्यांना लागलाच नाही. ते अस्तित्वातच होते काय, अशी शंका त्यांनी घेतली आहे. ती सिद्ध झालेली नाही, आणि खोडूनही काढता आलेली नाही.

हेच या प्रकरणाचे मर्म आहे. ज्या अभ्यासाने एका वैद्यकीय शाखेला हादरा दिला, त्याची शहानिशा करण्याचा मार्गच वाचकाच्या हाती नव्हता. रुग्णालयांची नावे गुप्त ठेवण्यामागे योग्य कारण असू शकते. परंतु मूळ नोंदी कोणी वाचल्या, त्यांतून निष्कर्ष कसा काढला, विरोधात जाणाऱ्या अनुभवाचे काय केले, याचा माग लेखात नव्हता. वगळलेला नववा अनुभव मोकळेपणाने मांडला असता तर लेखातील ठाम निष्कर्ष थोडा मवाळ झाला असता. पण तो अधिक खरा ठरला असता.

मृत्यूच्या छायेतील मौन

याच सुमारास रुग्णालयांतच झालेला दुसरा एक अभ्यास याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. बार्नी ग्लेझर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत मरणासन्न रुग्ण, त्यांचे नातेवाईक, परिचारिका आणि डॉक्टर यांचे निरीक्षण केले. त्यावरचे पुस्तक १९६५ मध्ये आले. आपण वाचणार नाही हे रुग्णाला कितपत माहीत आहे, यावरून त्यांनी चार स्थिती सांगितल्या : रुग्णाला काहीच ठाऊक नाही, त्याला संशय आहे, सर्वांना ठाऊक आहे, पण कोणीच बोलत नाही, सगळे नाटक वठवीत आहेत, आणि सर्वांना ठाऊक असून त्याविषयी मोकळेपणाने बोलले जाते.

महाराष्ट्रातील वाचकाला यातील तिसरी स्थिती परकी वाटणार नाही. 'त्यांना कॅन्सर आहे हे सांगू नका' असे डॉक्टरांना बाहेरच्या खोलीत विनविणारे नातेवाईक, आणि सारे कळूनही घरच्यांसाठी न कळल्याचे दाखविणारे आजोबा, हे चित्र आपल्याकडे अनेक घरांनी पाहिले आहे. कॅलिफोर्नियातील टक्केवारी इकडे लागू करता आली नसती. संकल्पना मात्र येथेही उपयोगी पडते.

या दोघांनी आणखी एक गोष्ट केली. आपण या संकल्पनेपर्यंत कसे पोचलो, एका प्रभागातील निरीक्षणावरून पुढचा प्रभाग कसा निवडला, एका नोंदीची दुसरीशी तुलना कशी केली, याचे विवेचन करणारे स्वतंत्र पुस्तक त्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे त्यांच्या पद्धतीवर वाद घालता आला आणि तो आजही चालू आहे. वाद घालता येणे ही संशोधनाची उणीव नसून तेच त्याचे बळ आहे.

चार कसोट्या

गुणात्मक संशोधनाच्या दर्जासंबंधी आज जी भाषा वापरली जाते तिचा मोठा भाग इव्होना लिंकन आणि एगॉन गुबा यांच्या १९८५ च्या पुस्तकातून आला आहे. त्यांनी चार कसोट्या मांडल्या.

पहिली कसोटी विश्वसनीयतेची. संशोधकाने केलेले वर्णन ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या अनुभवाशी ते जुळते काय? त्यासाठी संशोधकाने त्या ठिकाणी पुरेसा काळ घालविलेला असावा, एकच गोष्ट निरनिराळ्या मार्गांनी तपासलेली असावी आणि आपल्या निष्कर्षाला छेद देणारी उदाहरणे मुद्दाम शोधलेली असावीत. काही संशोधक आपले निष्कर्ष सहभागींना वाचून दाखवितात आणि त्यांचे म्हणणे विचारतात.

दुसरी कसोटी अन्यत्र लागू पडण्याची. हे निष्कर्ष दुसऱ्या गावाला वा रुग्णालयाला लावता येतील की नाही, हे ठरविण्याचे काम मुख्यतः वाचकाचे. संशोधकाचे काम एवढेच की त्याने स्थळ, काळ आणि माणसे यांचे इतके भरीव वर्णन करावे की वाचकाला तुलना करता यावी.

तिसरी कसोटी पद्धतीतील सुसंगतीची. अभ्यास चालू असताना प्रश्न बदलले, नवी माणसे घेतली, तर ते का, याची नोंद आहे काय? चौथी पडताळणीयोग्यतेची. निष्कर्ष संशोधकाच्या मनातून आला की सामग्रीतून, हे बाहेरच्या व्यक्तीला तपासता यावे. हिशेबनिसाच्या वह्या जशा लेखापरीक्षकाला उलगडतात, तसा मुलाखतीपासून निष्कर्षापर्यंतचा प्रवास उलगडला पाहिजे.

रोझेनहान यांचा लेख या चौथ्या कसोटीवर तर पडतोच, पण छेद देणारे उदाहरण बाजूला सारल्यामुळे पहिल्या कसोटीवरही पडतो.

'किती जणांशी बोललात?'

गुणात्मक अभ्यास वाचताना पहिली शंका येते ती संख्येची. येथे प्रश्न थोडा वेगळा विचारावा लागतो. माणसे किती, याआधी ती का निवडली, हे पाहावे.

महाराष्ट्रातील एक परिचित उदाहरण घेता येईल. डॉ. अरुण गद्रे यांनी खासगी वैद्यकीय व्यवसायातील गैरप्रकारांविषयी ७८ डॉक्टरांशी बातचीत केली, डॉ. अभय शुक्ला यांच्यासह लिहिलेले त्यावरचे इंग्रजी पुस्तक २०१६ मध्ये आले. देशात डॉक्टर लाखोंनी आहेत. त्यांपैकी ७८ म्हणजे काहीच नाही, असा आक्षेप घेता येईल. 'कट प्रॅक्टिस' करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाण किती, असा दावा या मुलाखतींवरून कोणी केला, तर तो आक्षेप बिनतोड ठरेल. कारण हे डॉक्टर यदृच्छेने निवडलेले नव्हते; ते या विषयावर बोलण्यास तयार झालेले होते. परंतु रुग्ण पाठविण्याबद्दलची टक्केवारी कशी ठरते, नको असलेल्या तपासण्या लिहिण्याचा दबाव कोठून येतो, तो नाकारणाऱ्या डॉक्टरचे काय होते, हे समजून घ्यावयाचे असेल, तर व्यवस्था आतून पाहिलेली आणि बोलण्यास तयार असलेली माणसेच गाठावी लागतात. दावा आणि निवड यांचा मेळ बसला पाहिजे, हा येथला नियम आहे. अशा अभ्यासात आणखी एक प्रश्न उरतोच : व्यवस्थेत सुखाने नांदणाऱ्या डॉक्टरची बाजू कोठे आहे? चांगला वाचक तो विचारतो. चांगला संशोधक विचारण्यापूर्वीच त्याची दखल घेतो.

मुलाखती थांबवाव्यात केव्हा? नव्या मुलाखतीतून नवे काही हाती लागेनासे झाले की, असे सर्वसाधारण उत्तर दिले जाते. या अवस्थेला 'संपृक्तता' म्हणतात. ग्रेग गेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातील स्त्रियांच्या ६० मुलाखती पुन्हा तपासल्या, तेव्हा बहुतेक सारी सूत्रे पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेल्याचे त्यांना आढळले. तेव्हापासून 'बारा' हा आकडा अनेक प्रबंधांत मंत्रासारखा उच्चारला जातो. वस्तुतः त्या अभ्यासातील स्त्रिया बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतील होत्या आणि प्रश्नही ठरलेले होते. मुंबईतील मधुमेही म्हटले की त्यात चाळीतील घरकामगार आली आणि मनोऱ्यातील उद्योजकही आला. तेथे बारावर थांबण्याला आधार नाही. नॉर्वेच्या कर्स्टी माल्टेरुड यांनी २०१६ मध्ये सुचविले की, संख्येपेक्षा त्या मुलाखतींत प्रश्नाला उपयोगी पडणारी माहिती किती दाट आहे, हे पाहावे. 'संपृक्तता गाठली' असे एका ओळीचे विधान वाचकाने पुरावा म्हणून स्वीकारू नये. ती गाठली हे कशावरून, हे लिहिलेले असले पाहिजे.

ऐकणारा कोण, आणि भाषा कोणती?

मुलाखत ही दोन माणसांत घडते. रुग्णाने औषध का सोडले, हे त्याच दवाखान्याच्या डॉक्टरने विचारले तर एक उत्तर येते आणि परक्याने ओसरीवर बसून विचारले तर दुसरे. सासू शेजारी बसलेली असताना सून कुटुंबनियोजनाविषयी जे सांगते, ते एकटी असताना सांगेलच असे नाही. म्हणून मुलाखत कोणी घेतली, तो पुरुष की स्त्री, डॉक्टर की समाजसेवक, त्याचे सहभागींशी आधीचे नाते काय, आणि त्याच्या स्वतःच्या समजुती काय होत्या, हे चांगल्या अभ्यासात सांगितलेले असते. हा कबुलीजबाब नव्हे. उजेड कोणत्या बाजूने पडला आहे, हे कळल्याखेरीज छायाचित्रातील सावल्यांचा अर्थ लागत नाही.

आपल्याकडील अभ्यासांत भाषेचा प्रश्न याहून नाजूक असतो. मुलाखत मराठीत, गोंडीत वा कोकणीत होते. विश्लेषण बहुधा इंग्रजीत. 'जीव घाबरा होतो' असे एखादी स्त्री सांगते, तेव्हा ती भीतीविषयी बोलत असते, छातीतील धडधडीविषयी, की दोन्हींविषयी? त्याचे भाषांतर नुसते 'भीती' असे झाले, तर शरीराची तक्रार कागदावर येण्यापूर्वीच नाहीशी होते.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेले काम या संदर्भात महत्त्वाचे आहे. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के होत्या. या आकड्यांनी प्रश्नाचा विस्तार दाखविला. स्त्रिया याविषयी काय मानतात, हा पुढचा प्रश्न होता. त्यासाठी 'अंगावरून पांढरे जाणे' याबद्दल ग्रामीण स्त्रियांच्या समजुतींचा वेगळा, मुलाखतींवर आधारलेला अभ्यास बंग दांपत्याने केला. तो १९९४ मध्ये एका संग्रहात प्रसिद्ध झाला.

पांढरे जाण्याचा संबंध स्त्रिया अशक्तपणाशी आणि जीवनातील ताणांशी जोडतात, असे भारतातील अनेक गुणात्मक अभ्यासांत आढळले होते. हा केवळ समज म्हणून बाजूला टाकणे सोपे होते. परंतु गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक आणि सामाजिक ताणांशी अधिक ठळकपणे दिसून आला. जमीन मोजणारा एकच खूण दोन ठिकाणांहून पाहून अंतर निश्चित करतो. त्यावरून अशा दुहेरी पडताळणीला 'त्रिकोणीकरण' म्हणतात. त्याचा व्यावहारिक अर्थही लक्षात घ्यावा. तक्रार ऐकताच प्रत्येकीला प्रतिजैविके देणे बरोबर नव्हे, आणि तिचे म्हणणे उडवून लावणे तर त्याहून चूक.

याद्यांचा उपयोग आणि मर्यादा

'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने १९९५ मध्ये कॅथरीन पोप आणि निकोलस मेज यांच्या पुढाकाराने गुणात्मक संशोधनावर लेखमाला प्रसिद्ध केली, तेव्हापासून डॉक्टरांना उपयोगी पडतील अशा तपासयाद्या तयार होऊ लागल्या. ब्रिटनमधील 'कॅस्प' या उपक्रमाची यादी दहा प्रश्नांची आहे. २००७ ची 'कोरेक' यादी ३२ मुद्द्यांची, तर २०१४ ची 'एसआरक्यूआर' २१ मुद्द्यांची. पहिली यादी वाचकाला पारख करण्यास मदत करते. नंतरच्या दोन्ही, लेखकाने काय काय सांगितले पाहिजे ते सांगतात. अनेक नियतकालिके लेखासोबत अशी यादी भरून मागतात.

यादीचा फायदा उघड आहे. कोणी मुलाखत घेतली, ध्वनिमुद्रण झाले काय, विश्लेषण किती जणांनी केले, हे सांगणे लेखकाला टाळता येत नाही. परंतु धोकाही आहे. रोझलीन बार्बर यांनी २००१ मध्येच इशारा दिला होता की, यादीतील चौकटी भरण्यासाठी पद्धती चिकटवल्या जातील आणि मूळ विचार मागे पडेल. मेरी डिक्सन-वूड्स आणि सहकाऱ्यांनी याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. स्तनपानासाठी मिळणाऱ्या आधाराविषयीचे १२ लेख सहा तज्ज्ञांनी तीन प्रकारे तपासले. एकदा केवळ स्वतःच्या समजुतीने आणि दोनदा निरनिराळ्या चौकटींच्या साह्याने. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, तज्ज्ञांत एकमत फारसे झाले नाही, आणि चौकटी वापरल्याने ते वाढलेही नाही.

म्हणजे यादी टाकून द्यावी काय? तसे नाही. स्वयंपाकाची कृती हाती असली म्हणजे पदार्थ जमतोच असे नाही. पण मीठ विसरले की काय, हे पाहण्यास ती उपयोगी पडते. सांगितले काय, हे यादीने कळते. जे केले ते योग्य होते काय, हे विचारानेच ठरवावे लागते.

या साऱ्या वादाला २०१६ मध्ये धार आली. ज्या नियतकालिकाने वीस वर्षांपूर्वी डॉक्टरांना गुणात्मक संशोधनाचे धडे दिले होते, त्याच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'कडून गुणात्मक लेखांना आता अग्रक्रम नाही असे उत्तर जाऊ लागल्याने ट्रिशा ग्रीनहाल्श यांच्यासह ११ देशांतील ७६ अभ्यासकांनी संपादकांना खुले पत्र लिहिले. त्यांचा मुद्दा साधा होता : लेख पद्धतीवरून नव्हे, गुणवत्तेवरून नाकारा.

प्रसूतिगृहापर्यंत पोचलेले शब्द

एकेका अभ्यासाची पारख झाली, तरी धोरण आखणाऱ्याला साठ-सत्तर अभ्यासांचे सार हवे असते. त्यासाठी 'सर्क्वल' ही पद्धत तयार झाली. तिची मांडणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासांतून निघालेल्या प्रत्येक निष्कर्षावर किती भरवसा ठेवावा, हे तीत चार बाजूंनी तपासतात : मूळ अभ्यासांच्या पद्धतीत उणिवा किती, निष्कर्ष मूळ सामग्रीशी किती सुसंगत, सामग्री पुरेशी व सखोल आहे काय, आणि ती विचारलेल्या प्रश्नाशी संबंधित आहे काय. त्यावरून भरवसा उच्च, मध्यम, अल्प वा अत्यल्प ठरतो.

याचे फळ एका आढाव्यात दिसते. प्रसूतीच्या वेळी स्त्रियांना रुग्णालयांत मिळणाऱ्या गैरवागणुकीविषयी ३४ देशांतील ६५ अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ओरडणे, मारणे, हेटाळणी, संमतीवाचून तपासणी, वेदनेकडे दुर्लक्ष, हे अनुभव निरनिराळ्या खंडांतील स्त्रियांनी सांगितले होते. एकेकटीचे म्हणणे 'तक्रारखोरपणा' म्हणून झिडकारता आले असते. एवढ्या ठिकाणांहून, तपासून घेतलेले तेच म्हणणे झिडकारता आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतिकाळातील देखभालीविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत सन्मानपूर्वक वागणूक आणि प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या पसंतीची सोबत यांचा समावेश आहे. भारत सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सन्मानपूर्वक प्रसूतिसेवा हे उद्दिष्ट आहे.

शब्द सांभाळण्याची जबाबदारी

संशोधन उत्तम आणि सहभागींशी वागणूक वाईट, असे गुणात्मक अभ्यासात होऊ शकत नाही. येथे सामग्री म्हणजे माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट असते. नाव बदलले म्हणजे ओळख लपलीच असे नव्हे. गावात आशा कार्यकर्ती एकच असेल, तर 'एक आशा म्हणाली' एवढ्यावरून ती सरपंचालाही ओळखू येते. मुंबईच्या 'सेहत' या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे २००० मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनाला स्वतंत्र स्थान आहे. संमती कशी घेतली, बोलताना कोणी कोसळले तर आधाराची काय सोय होती, हे न सांगणारा अभ्यास अपुरा समजावा.

वाचकाने काय विचारावे?

वर्तमानपत्रात 'रुग्णांना असे वाटते', 'डॉक्टरांचे असे म्हणणे आहे' अशा मथळ्याची बातमी येते, तेव्हा मूळ अभ्यास सर्वांनाच वाचता येत नाही. तरी काही प्रश्न मनाशी ठेवता येतात.

१. अभ्यासाचा प्रश्न 'का' आणि 'कसे' असा होता काय? मुलाखतींवरून टक्केवारी सांगितली जात असेल तर सावध व्हावे.

२. माणसे कशी निवडली, आणि कोण राहून गेले?

३. मुलाखत कोणी, कोठे, कोणत्या भाषेत घेतली?

४. सहभागींचे स्वतःचे शब्द वाचावयास मिळतात काय? आणि ते एकाच बोलक्या व्यक्तीचे नाहीत ना?

५. निष्कर्षाशी न जुळणारा एकही अनुभव लेखात नसेल, तर तो सापडलाच नाही, की ठेवलाच नाही?

६. हा निष्कर्ष आपल्या परिस्थितीला लावण्याइतके वर्णन दिले आहे काय?

यांतील पाचवा प्रश्न सर्वांत मोलाचा. माणसांचे अनुभव एकसारखे नसतात. दहा रुग्णांनी दुःख सांगितले आणि अकराव्याने 'मला तेथे बरे वाटले' असे म्हटले, तर त्या अकराव्यामुळे अभ्यास बिघडत नाही. त्याला बरे का वाटले, हे शोधण्यातून इतर दहांच्या दुःखाचे कारणही हाती लागू शकते. १९७३ च्या त्या लेखातील नवव्या व्यक्तीला बोलू दिले असते, तर मनोरुग्णालय माणसाला सावरते केव्हा आणि चिरडते केव्हा, या प्रश्नाकडे लक्ष गेले असते. तो प्रश्न रुग्णांच्या दृष्टीने अधिक उपयोगाचा होता, आणि तो तेव्हा विचारला गेला नाही.